परत म्हणा

त्यांना कोणी ‘बसा’ म्हटले तर त्या लगेच बसत नसत. समोरच्याकडे शांतपणे पाहून आधी म्हणत, ‘तुम्ही मला बसायला सांगता आहात.’ समोरचा गोंधळून ‘हो’ म्हणाला की मगच खुर्ची ओढून घेत. प्रथम मला वाटले की ही थट्टा असावी. आठवडाभरात कळले की थट्टा त्यांच्या स्वभावात फारशी नव्हती. मला त्यांचा सहवास जवळजवळ पाच वर्षे लाभला, आणि त्या काळात सांगितलेली गोष्ट परत म्हणून दाखविल्याशिवाय त्यांनी कोणाला उत्तर दिल्याचे मी पाहिले नाही. फक्त एक दिवस अपवाद झाला. त्या दिवसासाठीच मी हे लिहावयास बसलो आहे.

तंजावूरच्या वेशीबाहेर, जिथे शहर संपून भाताची खाचरे सुरू होतात, तिथे एक खाजगी विद्यापीठ आहे. संस्कृत पाठशाळेतून निवृत्त झाल्यावर मला तिथे आठवड्यातून तीन दिवस शिकविण्यासाठी बोलावले. भाषा विभागाला एकच खोली होती. खिडकीपाशी माझे मेज आणि दाराशी त्यांचे. त्या अन्नप्रक्रिया शाखेच्या मुलांना इंग्रजी शिकवीत. कथा-कवितांचे इंग्रजी नव्हे. भातगिरणीत, बॉयलरपाशी, गोदामात ज्याची गरज पडते ते कामाचे इंग्रजी. आम्ही एकमेकांशी तमिळमध्ये बोलत असू. येथे ते बोलणे मराठीत उतरवितो आहे. त्या मला ‘शास्त्रीसार’ म्हणत. मी त्यांना ‘बाई’ म्हणे. हा शब्द राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीतला, आमच्या दक्षिणी मराठीतला. पहिल्यांदा ऐकल्यावर त्यांनी अर्थ विचारला, मी सांगितला. ‘म्हणजे तुम्ही मला आदराने हाक मारता आहात,’ त्या म्हणाल्या आणि उत्तरासाठी थांबल्या. मला ‘हो, बरोबर’ म्हणावे लागले. तो ‘बरोबर’ ऐकल्याखेरीज त्यांच्या लेखी कोणतेही बोलणे पूर्ण होत नसे.

या सवयीचे मूळ त्यांच्या बालपणात होते. त्यांचे वडील कावेरीच्या कालव्यांमधल्या एका लहानशा स्टेशनचे मास्तर. दिवसाला मोजक्या गाड्या. पुढच्या स्टेशनाहून फोन येई, ते ऐकलेले जसेच्या तसे परत म्हणत, पलीकडून ‘बरोबर’ आले की मगच सिग्नल देत. घरीही तोच क्रम. आईने ‘मीठ’ म्हटले की ते ‘मीठ’ म्हणत आणि मग डबा पुढे करीत. एकदा त्यांच्या जागी आलेल्या बदली माणसाने निरोप परत न म्हणताच फोन ठेवला. घडले काहीच नाही. गाडी आली आणि गेली. ‘पण अप्पा महिनाभर तेच बोलत होते,’ बाई सांगत. ‘आई म्हणायची, काही झालेच नाही तर एवढे काय? अप्पा म्हणायचे, काही झाले नाही हे मला नंतर कळले ना!’

वडिलांच्या स्टेशनातला जुना काळा रिसीव्हर त्यांच्याकडे होता. त्याची तार तुटलेली होती. रोज तो पिवळ्या कापडी पिशवीत घालून त्या वर्गात नेत. आमच्याकडे तमिळ लग्नांत पाहुण्यांना हळदकुंकवाबरोबर अशा पिशव्या मिळतात. तिच्यावर कोणा वधूवरांची नावे पुसट झालेली होती. त्या पिशवीत रिसीव्हर, दहीभाताचा डबा आणि खडू, एवढेच असे.

या सवयीने लोक त्रासत, आणि कधी सुधारतही. आवारातल्या कॉफीवाल्याला त्या ‘एक कॉफी, साखर कमी’ म्हणून उभ्या राहत; तो परत म्हणेपर्यंत पैसे पुढे करीत नसत. काही महिन्यांनी तो प्रत्येक गिऱ्हाइकाला ‘दोन कॉफी, एकात साखर नाही, बरोबर?’ असे विचारू लागला आणि वर म्हणू लागला, ‘अम्मांनी माझी फुकट जाणारी कॉफी वाचवली.’ रजिस्ट्रारांची कथा तर सर्वांना पाठ होती. ते एकदा म्हणाले, ‘मॅडम, तुमची रजा मंजूर होत नाही.’ बाई म्हणाल्या, ‘तुम्ही म्हणता, माझी रजा मंजूर होत नाही.’ आपलेच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकून रजिस्ट्रारांना ते कठोर वाटले असावे. ‘तसे नाही, अजून झालेली नाही,’ ते म्हणाले. बाईंनी तेही परत म्हटले. रजिस्ट्रारांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, ‘ठीक आहे, मंजूर.’ बाईंनी हेही परत म्हटले. ‘बरोबर, बरोबर,’ ते म्हणाले, ‘आता जा, अम्मा.’

मला त्यांचा वर्ग मात्र फार दिवस समजला नाही. भिंतीपलीकडून ऐकू येई ते असे : तमिळ, हिंदी, मधूनच मिझो, मधूनच आफ्रिकेतली स्वाहिली, कोठेतरी मल्याळम, आणि मग बावीस मुले एका सुरात एकच इंग्रजी वाक्य परत परत म्हणत आहेत. मी पाठशाळेत वाढलेला मनुष्य. वर्ग म्हणजे एक भाषा, एक ग्रंथ, एक आसन, अशी माझी धारणा. ज्या भाषेचा तास तीच भाषा वर्गात ऐकू यावी, असे मला वाटे.

हीच धारणा आमच्या डीनची होती. ते सज्जन, नेटके आणि यंत्रशास्त्रात आयुष्य घालविलेले गृहस्थ. ‘शास्त्रीजी,’ ते एके दिवशी मला म्हणाले, ‘संगणकावर इंग्रजीचे तयार धडे मिळतात. मुले कानाला हेडफोन लावतील आणि शुद्ध उच्चार शिकतील. मॅडमचा वर्ग या सत्राअखेर बंद करावा असे मला वाटते. त्यांना निवृत्तीला दोनच वर्षे आहेत. प्रवेश कार्यालयात बसतील. समितीत आपण दोघे. तुमचे मत लिहून द्या.’

मी लिहून दिले. स्वच्छ अक्षरात लिहिले की वर्गात शिस्त नाही, इंग्रजीखेरीज सर्व भाषा ऐकू येतात, आणि जे इंग्रजी ऐकू येते ते पोपटपंचीसारखे आहे. हे लिहिताना माझ्या मनात द्वेष नव्हता. मी वर्गात एकदाही जाऊन बसलो नव्हतो, हे मात्र खरे.

त्या संध्याकाळी पत्नीला हे सांगितले. ती मनात काही न ठेवता उघड बोलणारी. वेलदोडे सोलता सोलता तमिळ हेल काढून म्हणाली, ‘पोपटपंची काय? आणि तुम्ही मामंजींपुढे बसून वेद शिकलात ते काय होते? ते एकदा म्हणायचे, तुम्ही दोनदा. दारापुढून जाणारी माणसे म्हणायची, शास्त्र्याच्या घरात पोपट पाळलेत की काय!’

‘ती संथा,’ मी म्हणालो.

‘मग हीही संथाच की. इंग्रजीत आहे म्हणून सोवळे मोडले काय?’

मी उठलो. पूजेच्या खोलीत जाऊन दिवा लावला. माझे तीर्थरूप मला संथा देत तेव्हाचा तो स्वर कानात आला. एक चरण ते म्हणत, तोच मी दोनदा म्हणे, आणि माझ्या दुसऱ्या उच्चारानंतर ते किंचित मान हलवीत. ती मान म्हणजे ‘बरोबर’. साठ वर्षे जी गोष्ट मी पवित्र मानली, तीच भिंतीपलीकडे चालू असता मला ओळखता आली नाही.

दुसऱ्या दिवशी मी परवानगी घेऊन त्यांच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसलो.

त्या दिवशीचा प्रश्न विलक्षण होता. ‘तुमच्या घरी वाईट बातमी कशी सांगतात?’ प्रत्येकाने आधी स्वतःच्या भाषेत, घरच्यासारखी सांगून दाखवायची, मग इंग्रजीत समजावायची. मिझोरामची एक मुलगी म्हणाली, आमच्याकडे आपली अडचण दुसऱ्यावर टाकणे बरे दिसत नाही, म्हणून शक्यतो सांगतच नाहीत. ओरत्तनाडूकडच्या खेड्यातली सेल्वी पुढे आली. तिच्या घराण्यात विद्यापीठाची पायरी चढलेली ती पहिलीच. ती म्हणाली, ‘मोठी माणसे बसलेली असतील तर मी दाराशी उभी राहते. ती विचारतील तेव्हा सांगते.’

‘नाही विचारले तर?’ बाईंनी विचारले.

‘तर उभीच राहते, मॅडम.’

मग टांझानियाचा बराका उठला. सहा फूट उंचीचा, मृदू आवाजाचा तरुण. त्याचे गाव एका मोठ्या सरोवराच्या काठी. त्याने सांगितले की त्यांच्याकडे कोणी भेटले की आधी विचारपूस : तू कसा आहेस, घर कसे आहे, मुले कशी आहेत, काम कसे आहे. या प्रत्येकाला उत्तर एकच, ‘चांगले’. घर जळत असले तरी पहिले उत्तर ‘चांगले’. सगळे चांगले म्हणून झाले की मग ‘पण’ म्हणायचे आणि घर जळते आहे ते सांगायचे. ‘नाहीतर,’ बराका म्हणाला, ‘मी त्या माणसाला माणूसच मानले नाही असे होईल.’

वर्ग हसला, पण मला हसू आले नाही. मला आमचा कुळवाडी आठवला. मी लहान असताना एका सकाळी तो खेड्याहून सायकलीवर आला, ओसरीवर बसला, सर्वांची प्रकृती विचारली, आजोबांच्या सांधेदुखीवर औषध सुचविले, कॉफी प्याला, कॉफीची स्तुती केली आणि मग म्हणाला, ‘बाकी सगळे क्षेम. कालव्याचा बांध पहाटे फुटलाय. रोपांवरून पाणी चालले आहे.’ शुभ बोलल्याखेरीज अशुभाकडे वळायचे नाही, हा आमच्याही घरचा रिवाज. मी हे भर वर्गात सांगून टाकले. मुलांना आनंद झाला की शास्त्रीसारांचीही रोपे वाहून गेली.

बाईंनी काळा रिसीव्हर मेजावर ठेवला. ‘तुमच्या घरची रीत चुकीची नाही,’ त्या म्हणाल्या. ‘घरी गेल्यावर ती मोडू नका. पण यंत्रापाशी उभे असाल तेव्हा पहिले वाक्य अडचणीचे. एकच वाक्य : काय करायचे आणि का. मग पलीकडचा ते परत म्हणेल. त्याने परत म्हटले नाही तर फोन ठेवायचा नाही. मग तुमचे नमस्कार, विचारपूस, हवी तेवढी. ती गाळायची नाही, फक्त मागे ठेवायची.’

बराकाला हे जमेना. रिसीव्हर कानाला लावला की त्याच्या तोंडून आपोआप निघे, ‘गुड मॉर्निंग मॅडम, कशा आहात?’ बाई म्हणत, ‘बॉयलर फुटला. परत.’ तो ओशाळून पुन्हा सुरू करी, ‘सॉरी मॅडम, गुड मॉर्निंग...’ ‘पुन्हा फुटला.’ मागच्या बाकावरून कोणी म्हणे, ‘बराका, आज किती गिरण्या उडवल्यास?’

तास संपल्यावर मी विचारले, ‘बाई, देवापुढेही आधी अडचणच सांगायची काय? आमची तर स्तोत्रे आधी.’

‘स्तोत्रे आधीच असू देत, शास्त्रीसार,’ त्या म्हणाल्या. ‘देवाला घाई नाही. बॉयलरला आहे.’

माझ्या मनावर त्या टिपणाचे ओझे होते. दोन दिवस मी विषय कसा काढावा याची जुळवाजुळव करीत राहिलो : आधी त्यांच्या अध्यापनाची प्रशंसा, मग परिस्थितीचे विवेचन, मग माझी चूक. तिसऱ्या दिवशी त्या दहीभाताचा डबा उघडीत होत्या आणि मी एकदम म्हणालो, ‘बाई, मी तुमच्याविरुद्ध टिपण लिहून दिले आहे.’

त्यांचा चमचा थांबला. ‘तुम्ही माझ्याविरुद्ध टिपण लिहून दिले आहे,’ त्या म्हणाल्या.

माझे वाक्य त्यांच्या शांत आवाजात परत आले तेव्हा रजिस्ट्रारांना काय झाले असेल ते मला समजले. पण मला ते वाक्य सौम्य करता येणार नव्हते. ‘बरोबर,’ मी म्हणालो. मग सर्व सांगितले : समिती, संगणकाचे धडे, प्रवेश कार्यालय.

त्यांनी चमचा खाली ठेवून खिडकीबाहेर पाहिले. बाहेर खाचरात लावणी चालू होती. मग म्हणाल्या, ‘शास्त्रीसार, आज तुम्ही आधी अडचण सांगितलीत. नमस्कार नाही, प्रस्तावना नाही. तुम्ही पास.’ आणि डब्यातला लिंबाच्या लोणच्याचा तुकडा माझ्या डब्याच्या झाकणावर ठेवला.

मी डीनकडे जाऊन माझे टिपण परत मागितले. ते हसून म्हणाले, ‘शास्त्रीजी, कागद परत घेऊन मत बदलत नाही. मला काही दाखवा.’ बाईंनी दाखविण्याचे ठरविले. दरवर्षी त्यांची तोंडी परीक्षा वर्गातच होई. या वर्षी ती भातगिरणीत घ्यावी, डीननी स्वतः हजर राहावे, आणि त्यानंतर जो निर्णय होईल तो मान्य, असे त्यांनी लिहून दिले. ‘आणि मुले गोंधळली तर?’ मी विचारले. ‘तर वर्ग बंद,’ त्या म्हणाल्या, ‘तेच ठरले आहे.’ मी तो सारा आठवडा सकाळच्या अभिषेकात बाईंच्या नावाचा संकल्प केला. त्यांना सांगितले नाही.

गिरणी शहराबाहेर कालव्याच्या काठी होती. उकडा तांदूळ करणाऱ्या गिरण्यांभोवती जो आंबूस, उबदार वास असतो तो फाटकातूनच येऊ लागला. गिरणीच्या मेस्त्रींनी, म्हणजे तिथल्या मुख्य कारागिराने, यंत्रांवर ठिकठिकाणी लाल चिठ्ठ्या लावल्या होत्या. प्रत्येक चिठ्ठीत एक कल्पित बिघाड. मुलाने आत जायचे, चिठ्ठी वाचायची आणि भिंतीवरच्या फोनवरून कचेरीत कळवायचे. कोणाला कोणती चिठ्ठी याची यादी डीनच्या हाती. कचेरीत फोन घ्यायला सेल्वी, कारण बाईंच्या मते जी मुलगी विचारल्याखेरीज बोलत नाही तिलाच परत म्हणायला बसवावे. डीन आणि मी काचेच्या खिडकीपाशी, बाई मागे भिंतीला टेकून. त्यांच्या हातात पिवळी पिशवी.

पहिल्या मुलांनी चांगले सांगितले, पण डीनच्या मुद्रेवर काही उमटले नाही. ‘पाठ केलेले आहे,’ ते मला हळूच म्हणाले. चिठ्ठ्या ठाऊक नसल्या तरी साचा तोच, हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. मिझोरामच्या मुलीने तर इतके झटकन सांगितले की पाठांतराचा संशय मलाही आला.

मग बराकाची पाळी आली. फोनवरचा दिवा लागला. सेल्वीने हात पुढे केला तोच डीन म्हणाले, ‘थांब. हा मी घेतो.’ सेल्वी बाजूला झाली. मोठ्या माणसाने हात पुढे केल्यावर ती दुसरे काय करणार? मी बाईंकडे पाहिले. त्यांनी पिशवी छातीशी धरली होती.

डीननी फोन उचलला आणि मुद्दाम, किंवा केवळ सौजन्याने, म्हणाले, ‘गुड मॉर्निंग, बराका. कसा आहेस?’

माझ्या मनात आले, संपले. वडीलधारा माणूस विचारपूस करतो आहे. या मुलाच्या जिभेवर एकच उत्तर असू शकते : चांगला आहे. मग घरची चौकशी, मग मुलांची. फोनमधून क्षणभर फक्त गिरणीची घरघर ऐकू आली. नंतर बराकाचा आवाज आला, आणि तो इतका मोठा होता की मला खिडकीपाशी प्रत्येक शब्द ऐकू आला.

‘सर, एलिव्हेटर तीन थांबवा. पट्टा घसरतो आहे आणि तळाशी धूर आहे.’

एलिव्हेटर म्हणजे भात वरच्या मजल्यावर नेणारा बादल्यांचा पट्टा. डीनचा चेहरा उजळला. ‘उत्तम,’ ते म्हणाले. ‘उच्चार स्वच्छ. पुढच्याला पाठव.’ आणि फोन ठेवण्यासाठी हात खाली आणला.

‘सर,’ फोनमधून आवाज आला, ‘से बॅक, प्लीज.’

डीन थबकले. आमच्या विद्यापीठात त्यांना कोणी विद्यार्थ्याने ‘परत म्हणा’ असे सांगितल्याचे मला आठवत नाही. त्यांनी पुन्हा फोन कानाला लावला. ‘मी ऐकले,’ ते म्हणाले.

‘से बॅक, सर.’

डीनच्या भुवया वर गेल्या. मग ते मंद हसले आणि लहान मुलाचा हट्ट पुरवावा तसे म्हणू लागले, ‘एलिव्हेटर तीन थांबवा. पट्टा घसरतो आहे आणि तळाशी...’ म्हणता म्हणता त्यांची नजर हातातल्या यादीवर बराकाच्या नावापाशी गेली. तिथे लिहिले होते : बॉयलर, पाण्याची पातळी. ते वाक्य अर्ध्यावर राहिले. त्यांनी मेस्त्रींकडे मान वळविली.

‘तीन नंबरला चिठ्ठी आहे?’

‘तीन नंबरला आम्ही काहीच लावले नाही, सार,’ मेस्त्री म्हणाले, आणि आपलेच शब्द कानी पडताच दाराकडे धावले.

विजेची मोठी कळ खाली पडल्याचा आवाज झाला. एकेक यंत्र थांबत गेले आणि सकाळपासून चालू असल्याने जी घरघर आम्हाला ऐकू येईनाशी झाली होती ती गेल्याचे जाणवले. आम्ही सारे आत गेलो. एलिव्हेटरच्या तळाशी भात अडकून घट्ट बसला होता. पट्टा फिरण्याचा प्रयत्न करीत जागच्या जागी घासत राहिला होता. मेस्त्रींनी झाकण काढले. पट्ट्यावर हातभर काळा डाग पडला होता. त्यांनी बोट लावले आणि चटकन मागे घेतले. वरच्या तुळयांवर, भिंतींवर, सर्वत्र तुसाची धूळ होती. मेस्त्रींनी ती पाहिली, मग त्या डागाकडे पाहिले. ‘या धुळीला ठिणगी पुरते, सार,’ एवढेच म्हणाले. गिरणीत त्या वेळी चाळीसएक माणसे होती आणि आमची बावीस मुले.

बराका भिंतीजवळ उभा होता, रिसीव्हर अजून कानाला. डीनच्या लक्षात आले की आपण निरोप अर्ध्यावर सोडला आहे आणि तो पुरा परत म्हटल्याखेरीज हा मुलगा फोन ठेवणार नाही. ते त्याच्यासमोर उभे राहिले आणि पूर्ण वाक्य म्हणाले, ‘एलिव्हेटर तीन थांबवा. पट्टा घसरतो आहे आणि तळाशी धूर आहे.’

‘करेक्ट,’ बराका म्हणाला आणि रिसीव्हर जागेवर ठेवला. मग दोन्ही हात एकत्र धरून, किंचित वाकून म्हणाला, ‘गुड मॉर्निंग, सर. मी चांगला आहे. आपण कसे आहात? घरी सगळे कसे आहेत? मुले चांगली आहेत?’

डीननी एकेका प्रश्नाला उभ्याउभ्या उत्तर दिले. घरी सगळे चांगले आहेत. मुलगी बंगळुरूला आहे, तीही चांगली आहे. मी त्यांना इतक्या सावकाश कोणाशी बोलताना पाहिले नव्हते. शेवटी त्यांनी विचारले, ‘तुझी चिठ्ठी बॉयलरवर होती. तू तिथे गेला नाहीस?’

‘वाटेत धूर दिसला, सर. चिठ्ठी नंतर वाचणार होतो. आता वाचू?’

‘राहू दे,’ डीन म्हणाले.

बराका आता त्याच्या देशात, त्या सरोवराकाठच्या एका गिरणीत मोठ्या हुद्द्यावर आहे. महिन्यातून एकदा मला व्हिडिओवर भेटतो. पाच मिनिटे विचारपूस चालते, मी प्रत्येक प्रश्नाला ‘चांगले’ म्हणतो, आणि मग तो म्हणतो, ‘पण’. एकदा त्याने सांगितले की त्याच्या गिरणीत फोनच्या वर एकच पाटी लावलेली आहे. तिच्यावर काय लिहिले आहे हे मी विचारले नाही.

त्या दिवशी गिरणीच्या अंगणात, जिथे उकडलेला भात वाळत घालतात, तिथे सारे जमले. मेस्त्रींच्या हाताखाली भात पसरणाऱ्या मजूर बायकांनी पातळ ताक आणून दिले. ऊन चढले होते. डीन बाईंच्या समोर आले. हातातल्या यादीची त्यांनी बारीक घडी केली होती. ते इंग्रजीत म्हणाले, आणि तेही एकाच वाक्यात, नमस्कार आणि प्रस्तावना यांवाचून :

‘हा वर्ग चालू राहील, आणि दरवर्षी या गिरणीत भरेल.’

सर्वजण बाईंकडे पाहू लागले. आता त्या ते वाक्य परत म्हणणार हे प्रत्येकाला ठाऊक होते. त्यांनी तोंड उघडले. ओठ हलले. आवाज आला नाही. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. वडिलांपासून चालत आलेला तो नेम, रजिस्ट्रारांपुढे न चुकलेला, माझ्या अपराधापुढेही न चुकलेला, त्या दिवशी चुकला. निरोप अधांतरी राहिला होता.

तेव्हा मागून एक बारीक आवाज आला. ‘हा वर्ग चालू राहील,’ सेल्वी म्हणाली. तिला कोणी विचारले नव्हते. मोठी माणसे समोर उभी होती. ती एक पाऊल पुढे सरून म्हणाली, ‘आणि दरवर्षी या गिरणीत भरेल.’

मग बावीस मुलांनी ते एका सुरात म्हटले. भिंतीपलीकडून मी जो सूर ऐकला होता आणि ज्याला पोपटपंची म्हटले होते, तोच. माझे इंग्रजी फार चांगले नाही. पण तीर्थरूपांनी दिलेल्या सवयीने मीही ते वाक्य म्हटले, आणि संथेच्या नियमाप्रमाणे दोनदा म्हटले.

डीननी शेवटच्या मुलाचा आवाज विरेपर्यंत वाट पाहिली. ‘करेक्ट,’ ते म्हणाले.

मेस्त्री कचेरीतून खुर्ची उचलून घेऊन आले आणि बाईंच्या मागे ठेवली. ‘बसा, अम्मा,’ ते म्हणाले.

आणि बाई काही न म्हणता बसल्या.